लहान देशांच्या फुटबॉल साखळ्या आणि चषक स्पर्धा कशा चालतात? सोलापूर जिल्ह्याला त्यातले काय घेता येईल?

विजापूर वेस (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरात शाळकरी आणि खुल्या गटातील मुलांना फुटबॉल शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या कामात सतत समोर येणारा एक प्रश्न येथे सविस्तर मांडतो. आपल्या शहरात फुटबॉल खेळणाऱ्यांची वानवा नाही. सकाळी साडेसहाला मैदानांवरून चक्कर मारली तर चेंडूमागे धावणारी पोरे सगळीकडे दिसतात आणि अलीकडे टर्फवरच्या पाच-पाच जणांच्या सामन्यांनाही रात्री चांगली गर्दी असते. अडचण आहे ती स्पर्धांच्या रचनेची. आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक स्पर्धा बाद पद्धतीची असते. दिवाळीच्या सुट्टीत किंवा जानेवारीत गड्डा यात्रा आटोपल्यावर एखादे मंडळ स्पर्धा जाहीर करते, 32 संघ प्रवेश फी भरतात, भाग्यपत्रिका निघते, चार-पाच दिवसांत 31 सामने उरकतात आणि बक्षीस समारंभ होतो. यातले 16 संघ एकच सामना खेळून घरी जातात, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

गेल्या हिवाळ्यात अक्कलकोट तालुक्यातील एका गावचा संघ असाच पहाटेच्या एसटीने आला होता. सामना 20-20 मिनिटांचा होता. गोलशून्य बरोबरी झाली, पेनल्टी सुरू झाल्या, त्यांच्या बचावपटूचा फटका आडव्या खांबावर आदळला आणि सकाळी साडेनऊला त्यांची स्पर्धा संपली. पोरांनी चिखलाने भरलेले मोजे पिशवीत कोंबले, मैदानाबाहेरच्या गाड्यावर पोहे खाल्ले आणि दुपारच्या गाडीपर्यंत कडुनिंबाखाली बसून दुसऱ्यांचे सामने पाहिले. त्यांच्यातला कोणता मुलगा खरोखर चांगला आहे, हे त्या 40 मिनिटांत कोणाला समजणार होते?

आता मूळ प्रश्न. आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही कमी लोकसंख्येचे देश युरोपात आहेत आणि त्यांच्याकडे वर्षभर चालणारी साखळी, तिच्या खालचे विभाग आणि शिवाय राष्ट्रीय चषक स्पर्धा असते, असे वाचनात येते. इतक्या थोड्या माणसांत हे कसे जमते? साखळीत किती संघ ठेवतात, प्रत्येकाशी किती वेळा खेळवतात, बढती आणि पदावनतीचे, म्हणजे वरच्या विभागात चढण्याचे आणि खालच्या विभागात उतरण्याचे, नियम काय असतात, चषक स्पर्धा साखळीबरोबर चालते की वेगळी, आणि मैदाने, प्रवास, खर्च यांचा मेळ कसा घालतात? आपल्या जिल्ह्यासाठी आठ-दहा संघांची साखळी सुरू करावी असे आम्हा काही प्रशिक्षकांच्या मनात आहे. जाणकारांनी केवळ कौतुक न करता व्यवस्थेची माहिती द्यावी, ही विनंती.


भुईकोट (प्रतिसाद)

विजापूर वेस, तुमचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. अशा देशांमध्ये मला सर्वांत अभ्यासण्यासारखा वाटतो तो फेरो बेटांचा नमुना, म्हणून त्याविषयीच तपशिलात लिहितो.

डेन्मार्कच्या राज्यातील हा स्वायत्त प्रदेश उत्तर अटलांटिक समुद्रात, 18 बेटांवर पसरलेला आहे. लोकसंख्या सुमारे 55 हजार, म्हणजे 2011 च्या जनगणनेतील पंढरपूर शहराच्या निम्म्याहून किंचित जास्त. तेथे सर्वोच्च विभाग आणि त्याखाली आणखी तीन, अशी चार पायऱ्यांची साखळी आहे. राष्ट्रीय विजेतेपदाची साखळी 1942 साली सुरू झाली. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते आणि बेटांवर ब्रिटिश सैन्याचा मुक्काम होता. पहिले विजेतेपद क्लाक्सविक गावच्या केआय या क्लबने मिळवले. 1944 साली मात्र स्पर्धा झालीच नाही, कारण युद्धामुळे खेळायला पुरेसे चेंडू मिळेनात. तो एक खंड सोडला तर आजतागायत ही साखळी चालू आहे. साखळी इतकी जुनी असली तरी त्यांचा फुटबॉल महासंघ 1979 मध्ये स्थापन झाला, फिफाचे सदस्यत्व 1988 मध्ये आणि युएफाचे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचे, 1990 मध्ये मिळाले. आधी क्लब, मग स्पर्धा आणि सर्वांत शेवटी मान्यता, असा हा क्रम आहे. आपण बहुधा मान्यतेपासून सुरुवात करायला जातो आणि तेथेच अडकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वोच्च विभागात 10 संघ असतात. प्रत्येक संघ इतर नऊ संघांशी तीन-तीन वेळा खेळतो, म्हणजे हंगामात प्रत्येकाचे 27 आणि एकूण 135 सामने होतात. ही तीन वेळांची योजना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. दोन वेळा खेळवले तर प्रत्येकाच्या वाट्याला 18 सामने येतात आणि ते हंगामासाठी कमी पडतात, चार वेळा खेळवले तर 36 होतात आणि तेथील हवामानात ते बसत नाहीत. संघांची संख्या वाढवून सामने वाढवावेत, तर सर्वोच्च दर्जाचे बारा-चौदा संघ उभे राहतील एवढी माणसे नाहीत. म्हणून संघ थोडे ठेवून फेऱ्या वाढवल्या. तिसऱ्या वेळी घरच्या मैदानाचा लाभ दोघांपैकी एकालाच मिळतो, ही यातली उणीव त्यांनी मान्य केलेली आहे. हिवाळा अंधाराचा आणि वादळी असल्यामुळे हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या आसपास संपतो.

आता खालच्या विभागांविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथे आहे. 55 हजार लोकांत चार विभाग भरतील इतके क्लब कोठून येतात? ते येत नाहीत. खालचे विभाग मोठ्या क्लबांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या संघांनी भरलेले असतात. राजधानी तोर्सहाव्नच्या एचबी आणि बी36 या क्लबांचे, क्लाक्सविकच्या केआयचे, असे राखीव संघ दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर छोट्या गावांच्या पहिल्या संघांशी नियमित खेळतात. नियम एवढाच, की राखीव संघ कितीही वर आला तरी त्याला सर्वोच्च विभागात बढती मिळत नाही. त्याने दुसऱ्या विभागात पहिला क्रमांक पटकावला, तर त्याच्या खाली असलेल्या, बढतीला पात्र अशा पहिल्या संघाला वर जागा मिळते. एकाच क्लबचे दोन संघ एका विभागात ठेवले जात नाहीत. या एका योजनेने दोन कामे होतात. लहान गावच्या संघाला वर्षभर पुरतील इतके प्रतिस्पर्धी मिळतात आणि मोठ्या क्लबातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहण्याऐवजी दर आठवड्याला 90 मिनिटे पुरुषांच्या सामन्यात खेळतो.

चषक स्पर्धा वेगळी. ती 1955 पासून चालू आहे आणि फेरो सरकारच्या प्रमुखांच्या पदाच्या नावाने ओळखली जाते. ती पूर्णपणे बाद पद्धतीची असून साखळीच्या हंगामातच, मधल्या मोकळ्या दिवसांत खेळवली जाते. येथे राखीव संघांना प्रवेश नाही. एका क्लबचा एकच, पहिला संघ. त्यामुळे संघांची संख्या विसाच्या आतच राहते आणि चार-पाच फेऱ्यांत निकाल लागतो. तळाच्या विभागातील क्लब आरंभीच्या फेरीत खेळतात आणि मोठे क्लब नंतर उतरतात. उपांत्य फेरी बरीच वर्षे दोन लढतींची, म्हणजे एकदा आपल्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, अशी खेळवली गेली. साखळीचा विजेता चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या पात्रता फेरीत जातो. चषकविजेता आणि साखळीतले पुढचे संघ कॉन्फरन्स लीग या तिच्या खालच्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत जातात. चषकविजेत्याला साखळीतून आधीच प्रवेश मिळाला असेल, तर ती जागा गुणतक्त्यातील पुढच्या संघाकडे सरकते. म्हणूनच तेथे हंगामाच्या शेवटच्या रविवारीसुद्धा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकासाठी जीव तोडून खेळले जाते.

मैदानांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 12 सप्टेंबर 1990 रोजी फेरोच्या राष्ट्रीय संघाने आपला पहिलाच स्पर्धात्मक सामना ऑस्ट्रियाविरुद्ध 1-0 असा जिंकला, तो स्वीडनमधील लान्सक्रुना येथे, कारण घरी आंतरराष्ट्रीय नियमांत बसणारे गवताचे मैदान नव्हते. विजयी गोल करणारा तोर्किल निल्सन लाकूड विक्रीच्या व्यवसायात नोकरी करत असे. पुढे 1991 साली तोफ्तिर गावात डोंगरउतारावर गवताचे मैदान तयार झाले आणि 1999 मध्ये राजधानीत राष्ट्रीय मैदान उभे राहिले. मात्र देशाच्या फुटबॉलला खरी गती कृत्रिम हिरवळीने दिली. सतत पावसाच्या त्या प्रदेशात नैसर्गिक गवत आठवड्यातून दोन सामने सहन करीत नाही. कृत्रिम मैदानावर मात्र सकाळी मुले, संध्याकाळी पुरुष आणि रात्री दिव्यांच्या उजेडात महिला खेळू शकतात. एचबी आणि बी36 हे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी असूनही दोघांचे घर एकच, गुंदादालूरचे मैदान, हेही आपण लक्षात घ्यावे. प्रत्येक क्लबाला स्वतःचे मैदान हवेच, असा आग्रह धरून कोणाचेच भले होत नाही.

प्रवासाचा प्रश्न त्यांनी फुटबॉलसाठी म्हणून नव्हे, पण समुद्राखालच्या बोगद्यांनी बराचसा सोडवला. क्लाक्सविककडे जाणारा बोगदा 2006 मध्ये आणि एस्तुरोय बेटाला राजधानीकडील बेटाशी जोडणारा 2020 मध्ये खुला झाला. दक्षिणेच्या सूदुरोय बेटाला मात्र अजूनही बोटीनेच जावे लागते आणि त्याला सुमारे दोन तास लागतात. तेथील त्वोरोयरी गावचा टीबी हा 1892 साली स्थापन झालेला देशातील सर्वांत जुना क्लब, पण माणसे घटत गेल्याने त्या बेटावरील क्लबांना 2017 च्या हंगामात एकत्र संघ उतरवावा लागला. ती मोट फार काळ टिकली नाही. याउलट गोता आणि लेरविक या शेजारच्या गावांच्या दोन क्लबांनी 2008 मध्ये मिळून उभा केलेला व्हीकिंगुर पुढे देशाचा विजेता झाला. एकत्र येणे कोठे टिकते आणि कोठे नाही, हे आपल्याकडील मंडळांनीही तपासून पाहावे असे आहे.


एकरूख (प्रतिसाद)

भुईकोट यांनी दिलेली माहिती मोलाची आहे, परंतु लहान देश म्हणजे एकच साचा नव्हे, हे दाखवण्यासाठी आणखी तीन उदाहरणे देतो.

लिश्टेनश्टाइनची लोकसंख्या 40 हजारांच्या आसपास आहे आणि तेथे स्वतःची राष्ट्रीय साखळीच नाही. युएफाच्या सदस्य देशांमध्ये अशी स्थिती फक्त त्यांचीच आहे. देशात सात क्लब असून ते सगळे स्वित्झर्लंडच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरील साखळ्यांत खेळतात. देशाचा म्हणून जो फुटबॉल आहे, तो 1946 पासून चालत आलेल्या चषक स्पर्धेत. सातच क्लब असल्यामुळे त्यांचे दुसरे-तिसरे संघही या चषकात उतरतात, म्हणजे फेरोच्या नेमके उलट. राजधानीचा वाडुझ हा क्लब स्विस साखळीच्या सर्वोच्च विभागातही खेळून आलेला असल्याने चषक बहुतेक वेळा त्याच्याकडेच जातो. तो स्विस साखळीत कितीही वर आला तरी स्वित्झर्लंडच्या वाट्याची युरोपीय जागा त्याला मिळत नाही. युरोपात जाण्याचा त्याचा रस्ता केवळ आपल्या देशाच्या चषकातून जातो. त्याच रस्त्याने 2022-23 च्या हंगामात वाडुझने व्हिएन्नाच्या रापिडला हरवून कॉन्फरन्स लीगची गटसाखळी गाठली होती.

सॅन मरिनो हा सुमारे 34 हजार लोकांचा देश चारी बाजूंनी इटलीने वेढलेला आहे. त्यांची चषक स्पर्धा 1937 पासूनची, पण साखळी 1985 मध्ये सुरू झाली. पंधरा-सोळा संघ एकाच विभागात खेळतात, त्याखाली विभाग नसल्यामुळे पदावनती नाही. क्लबांना स्वतःचे ठरलेले मैदान नसते, महासंघ कोणता सामना कोठे हे वाटून देतो. पदावनती नसली की तळाचे संघ ढिले पडतात, हा आक्षेप तेथे खरा ठरतो. म्हणून साखळीनंतर वरच्या संघांची बाद फेरी ठेवून चुरस टिकवण्याचा प्रयत्न केला जातो.

जिब्राल्टरमध्ये तर बरीच वर्षे सारी साखळी विमानतळाच्या धावपट्टीला लागून असलेल्या एकाच मैदानावर चालत असे. त्यांच्याकडे पूर्वी दोन विभाग होते, ते 2019 मध्ये एकत्र करून एकच साखळी केली आणि पहिल्या टप्प्यानंतर वरचे सहा संघ विजेतेपदाच्या गटात, उरलेले दुसऱ्या गटात, अशी विभागणी सुरू केली.

माझा मुद्दा असा, की सोलापूरने लिश्टेनश्टाइनचा मार्गही विचारात घ्यावा. आपले उत्तम दोन संघ पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या साखळीत खेळण्याची परवानगी मिळवावी आणि जिल्ह्यापुरता चषक चालू ठेवावा. कमकुवत साखळी उभी करण्यापेक्षा बळकट साखळीत जाऊन खेळणे बरे.


रंगभवन (प्रतिसाद)

एकरूख यांच्या शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही. वाडुझपासून शेजारची स्विस मैदाने मोटारीने फार तर काही तासांवर आहेत आणि त्या क्लबाकडे पगारी खेळाडू आहेत. आपल्या मुलांनी दर रविवारी पुण्याला जायचे म्हटले, तर एका बाजूला अडीचशे किलोमीटर होतात. त्यांची नोकरी, परीक्षा आणि घरचे सांभाळून हे कसे करायचे? शिवाय दोन संघ बाहेर गेले की उरलेल्या तीस संघांचे काय? प्रश्नकर्त्यांनी सांगितलेला अक्कलकोटचा संघ पुन्हा त्या कडुनिंबाखालीच बसलेला दिसेल.

माझे शिक्षण कोल्हापुरात झाले, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. तेथे शाहू स्टेडियमवर साखळी सामने होतात आणि त्याच हंगामात निरनिराळ्या बाद स्पर्धाही होतात. पेठापेठांतील तालमींचे संघ दोन्हींत उतरतात. साखळीत कोण सातत्याने चांगला हे ठरते, तर बाद सामन्यात तालीम मंडळाची इभ्रत पणाला लागते आणि गॅलरी भरते. तेव्हा विजापूर वेस यांनी साखळी जरूर सुरू करावी, पण दिवाळीची स्पर्धा मोडीत काढू नये. फेरोनेही चषक मोडलेला नाही. त्याला साखळीच्या शेजारी बसवले आहे.


शेळगी नाका (प्रतिसाद)

मी मुलींच्या संघाचे काम पाहते. आतापर्यंतची सारी चर्चा पुरुषांच्या स्पर्धांविषयी झाली. फेरोमध्ये मुलींसाठी काय व्यवस्था आहे, हे भुईकोट यांनी सांगावे. आमच्याकडे शहरभरातून जेमतेम चार संघ जमतात आणि “संख्या नाही” या कारणाने मुलींचा गट दरवेळी रद्द होतो.


भुईकोट (प्रतिसाद)

शेळगी नाका, तुमचा प्रश्न आधीच यायला हवा होता. फेरोमध्ये महिलांची राष्ट्रीय साखळी 1985 पासून आणि चषक स्पर्धा 1990 पासून चालू आहे. क्लाक्सविकच्या महिला संघाने 2000 ते 2016 अशी सलग 17 वर्षे विजेतेपद राखले. इतके एकतर्फी चित्र असूनही साखळी बंद पडली नाही. 2017 मध्ये त्यांची मालिका खंडित केली ती शेजारच्या क्लबांनी महिला विभागापुरता एकत्र उतरवलेल्या संघाने. याचा अर्थ असा, की पुरुष संघ वेगळे ठेवूनही दोन क्लब मुलींचा संघ एकत्र करू शकतात. चार संघ असतील तर चार संघांची साखळी घ्या. प्रत्येकीशी तीन वेळा खेळवले तर प्रत्येक संघाला नऊ सामने मिळतात आणि एकूण 18 सामन्यांत हंगाम पूर्ण होतो. संघ कमी आहेत म्हणून गट रद्द करणे हा अन्याय आहे. संघ कमी असतील तेव्हा फेऱ्या वाढवायच्या असतात.

पुरुषांच्या साखळीबाबत आता थोडा हिशोब मांडतो. आपल्याकडे 10 पहिले संघ जमले असे धरू. एकदाच सर्वांशी खेळवले तर प्रत्येकाचे नऊ आणि एकूण 45 सामने होतात. त्यानंतर वरचे पाच आणि खालचे पाच असे दोन गट करून गटात पुन्हा एकदा खेळवले, तर प्रत्येक गटात 10 सामने, म्हणजे एकूण 65 होतात आणि प्रत्येक संघ हंगामात 13 सामने खेळतो. पहिल्या टप्प्यातील गुण पुढे न्यायचे, म्हणजे सुरुवातीच्या सामन्यांचे मोल राहते. आइसलँडच्या सर्वोच्च विभागातही 2022 पासून 12 संघ आधी 22 फेऱ्या खेळतात आणि मग सहा-सहाचे गट होऊन आणखी पाच फेऱ्या होतात, तेव्हा हे काही नवलाचे नाही. एका मैदानावर शनिवार-रविवारी सकाळी दोन-दोन सामने धरले तर आठवड्याला चार, आणि 65 सामन्यांना सतरा आठवडे लागतात. दोन मैदाने मिळाली तर नऊ आठवड्यांत काम होते, पण मी तेवढी घाई करू नये असे म्हणेन. सलग खेळण्याची सवय लागणे, हाच साखळीचा हेतू आहे.

हंगाम कधी ठेवावा, हे फेरोप्रमाणेच हवामानाने ठरवावे. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात 90 मिनिटे खेळवणे हे मुलांच्या जिवाशी खेळणे आहे. आपला पाऊस मोजकाच, पण काळ्या मातीच्या मैदानावर एक सर पडली की बुटाच्या तळाला चार बोटे चिखल चढतो आणि आदल्या संध्याकाळी मारलेली फक्की सकाळी दिसेनाशी होते. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ घ्यावा. दिवाळीचा आठवडा आणि गड्ड्याचे दिवस मोकळे सोडावेत, आणि दिवाळीच्या त्या मोकळ्या जागेत रंगभवन म्हणतात तशी बाद स्पर्धा बसवावी. तिला साखळीबाहेरचे गावचे संघ आरंभीच्या फेरीत घ्यावेत आणि साखळीतील संघ पुढच्या फेरीपासून उतरवावेत.


विजापूर वेस (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. राखीव संघांची कल्पना मला फार पटली, कारण आमच्या तीन-चार मंडळांकडे पंचवीस-तीस मुले आहेत आणि त्यांतील निम्मी कधीच मैदानात उतरत नाहीत. दोन शंका उरल्या आहेत. पहिली, मंडळे महत्त्वाच्या सामन्यात पहिल्या संघातील खेळाडू राखीव संघातून उतरवतील, ते कसे रोखायचे? दुसरी, बार्शी आणि पंढरपूरचे संघ साधारण सत्तर किलोमीटरवरून येणार, त्यांचा प्रवासखर्च कोणी सोसायचा?


भुईकोट (प्रतिसाद)

पहिल्या शंकेला उत्तर नोंदणीत आहे. हंगामाच्या आरंभी प्रत्येक मंडळाकडून पहिल्या संघातील 11 खेळाडूंची नावे लेखी घ्यावीत. त्या 11 जणांना खालच्या विभागात खेळता येणार नाही. खालून वर खेळायला मात्र मोकळीक ठेवावी, परंतु ठरावीक सामने वर खेळला की तो मुलगा पहिल्या संघाचाच धरला जावा. नोंदणीची वही एकाच व्यक्तीकडे ठेवावी आणि प्रत्येक सामन्यापूर्वी पंचांनी त्या वहीवरून ओळख पटवून घ्यावी. वय आणि ओळख यांवरून होणाऱ्या भांडणांनी आपल्याकडील किती स्पर्धा अर्ध्यावर मोडल्या, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले असेल.

दुसऱ्या शंकेबाबत माझे मत असे, की खर्च येणाऱ्या संघावर टाकू नये. सर्व संघांच्या प्रवेश फीतून एक सामाईक निधी बाजूला काढावा आणि दूरच्या संघाला गाडीभाडे त्यातून द्यावे. तेवढ्यावर न थांबता, शहरातील संघांनीही बार्शी आणि पंढरपूरला जाऊन खेळले पाहिजे. सूदुरोयच्या संघाला बोटीने राजधानीत यावे लागते, तसेच राजधानीच्या संघांनाही त्याच बोटीने सूदुरोयला जावे लागते. सारे सामने शहरातच ठेवले तर तालुक्याचे संघ दुसऱ्या वर्षी नोंदणीला येणार नाहीत. बाहेरचे सामने सलग दोन ठेवावेत, म्हणजे शनिवारी पंढरपूर आणि रविवारी बार्शी, तर एका फेरीत दोन्ही उरकतात आणि मुक्कामाची सोय तेथील यजमान मंडळाने करावी.


एकरूख (प्रतिसाद)

रंगभवन यांनी दाखवलेली अंतराची अडचण खरी आहे, ती मी मान्य करतो. पुण्याच्या साखळीचा विषय निदान पहिली दोन-तीन वर्षे बाजूला ठेवू. वेळापत्रकाविषयी एक उपयुक्त गोष्ट सांगून ठेवतो. 10 संघांचे वेळापत्रक आखताना कागदावर पाच-पाच नावांच्या दोन ओळी समोरासमोर लिहाव्यात. पहिला संघ जागेवर स्थिर ठेवून उरलेले नऊ संघ प्रत्येक फेरीनंतर एकाच दिशेने एकेक घर सरकवत जावेत, म्हणजे नऊ फेऱ्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते आणि कोणतीही जोडी दुबार येत नाही. संघ विषम असतील, समजा नऊच आले, तर दहाव्या घरात रिकामी जागा धरावी. तिच्यासमोर जो येईल त्याला त्या आठवड्यात सुट्टी, आणि त्या दिवशी सीमारेषेवरील सहायकांचे व गुणलेखकाचे काम त्याच संघाने करावे. गुण समान झाल्यास आधी गोलफरक, मग केलेले गोल आणि मग परस्परांतील सामन्याचा निकाल पाहावा, हा क्रम पहिला सामना होण्यापूर्वीच लेखी जाहीर करा आणि प्रत्येक मंडळाची त्यावर सही घ्या.


शेळगी नाका (प्रतिसाद)

आमचे चार संघ नक्की धरा. वेळापत्रक आखताना मुलींचे सामने पुरुषांच्या सामन्यांनंतर नव्हे, सकाळी सातचे ठेवावेत, म्हणजे मैदान ताजे असते आणि दूरच्या मुलींना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता येते. चारही संघांच्या नोंदणीची यादी मी गणपतीपूर्वी तुमच्याकडे देते.